थोरले ह्यूज आणि दगड खाणारे दात

हॉवर्ड ह्यूज हे नाव ऐकलं की आपल्यापैकी बहुतेकांना २००४ चा द एव्हिएटर हा सिनेमा आणि त्यातला लिओनार्दो डिकॅप्रिओ आठवतो. विमानं, हॉलिवूडच्या नट्या, पाण्यासारखा ओतलेला पैसा आणि शेवटी जंतूंच्या भीतीने स्वतःला खोलीत कोंडून घेणारा माणूस. पण सिनेमा बघताना तुमच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला का, की एवढा पैसा मुळात आला कुठून? उत्तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांची कॉलर ताठ करणारं आहे. तो सगळा पैसा एका ड्रिल बिटमधून आला! आणि हा बिट सिनेमातल्या ह्यूजने केलेला नाही. तो केला त्याच्या वडिलांनी, ज्यांचं नावही हॉवर्ड ह्यूजच होतं. आपल्याकडे थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव असतात ना, तसाच हा प्रकार. या लेखात आपण थोरल्या ह्यूजना भेटणार आहोत.

हॉवर्ड रोबार्ड ह्यूज यांचा जन्म ९ सप्टेंबर १८६९ रोजी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या लँकेस्टर या गावी झाला. बालपण गेलं शेजारच्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या किओकक गावात. वडील वकील, पुढे न्यायाधीश झाले. घरात पुस्तकं, संगीत, शिस्त. भाऊ रूपर्ट नावाजलेला कादंबरीकार झाला. आमचे थोरले ह्यूज मात्र कुठेच टिकले नाहीत. हार्वर्डला गेले आणि डिग्री न घेताच परत आले. मग आयोवात कायद्याचा अभ्यास सुरू केला, तोही पूर्ण केला नाही. तरी वडिलांच्या जोडीने काही काळ वकिली केली आणि तिलाही कंटाळले. मग खाणींच्या नादाला लागून मिसुरीत जॉपलिनच्या बाजूला शिसं आणि जस्त शोधत फिरले. तिथेही फारसं काही हाती लागलं नाही. वय झालं एकतीस! आपल्या गणपतीच्या सुट्टीत एखादा असा मुलगा घरी आला असता, तर मावशी-काकूंनी त्याचं काय केलं असतं याची कल्पना तुम्हीच करा.

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमध्ये ब्युमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप नावाच्या टेकाडावर एक घटना घडली. ११३९ फूट खोल गेलेल्या विहिरीतून तेलाचा असा फवारा उडाला की तो आटोक्यात आणायला नऊ दिवस लागले. ही बातमी देशभर पसरली आणि नशीब काढायला निघालेल्या लोकांची ब्युमाँटला जत्रा भरली. त्या जत्रेत आपले ह्यूजही होते. इथेच त्यांची गाठ वॉल्टर शार्प या ड्रिलरशी पडली. शार्प हा हाडाचा कामगार. याच टेकाडावर त्याने १८९३ मध्येच खोदून पाहिलं होतं आणि अपयश घेतलं होतं. शार्पला जमीन कळत होती आणि ह्यूजना बोलता येत होतं, माणसं जोडता येत होती, कागद समजत होते. दोघांनी भागीदारीत विहिरी खोदायला सुरुवात केली. १९०४ मध्ये ह्यूजनी डॅलसच्या अ‍ॅलीन गॅनो यांच्याशी लग्न केलं आणि १९०५ मध्ये धाकट्या हॉवर्डचा जन्म झाला. पैसा यायचा आणि जायचा. जास्त करून जायचाच.

आता जरा टेक्निकल भाग. कंटाळू नका, ओरल्सला विचारतील असं काही नाही.

स्पिंडलटॉपची विहीर रोटरी पद्धतीने खोदली होती. म्हणजे पोकळ पाइपच्या टोकाला बिट लावायचा, वरून पाइप गरगर फिरवायचा आणि पाइपमधून पातळ चिखल खाली पंप करायचा. तो चिखल खालचा चुरा घेऊन बाजूने वर येतो. त्या आधीची पद्धत म्हणजे जड पहार दोराने उचलून उचलून आपटायची. रोटरी पद्धत वाळूत आणि मऊ मातीत भन्नाट चालायची. पण टोकाला जो बिट असायचा तो माशाच्या शेपटीसारखा चपटा, दोन पात्यांचा होता. त्याला नावही फिशटेल असंच. हा बिट जमीन खरवडायचा. आपल्या घरातली खवणी आठवा. नारळावर ती सुरेख चालते. तीच खवणी पाट्याच्या दगडावर घासली तर? पाट्याला काही होणार नाही, खवणीचे दात मात्र जातील. नेमकं हेच टेक्सासमध्ये होत होतं. मऊ थर संपून कठीण खडक लागला की फिशटेल काही इंचांत बोथट व्हायचा. मग सगळे पाइप वर काढा, बिट बदला, पुन्हा सगळे पाइप खाली सोडा. दिवसच्या दिवस जायचे. १९०७ च्या सुमारास शार्प आणि ह्यूज यांना पिअर्स जंक्शन आणि गूस क्रीक अशा दोन जागा याच कारणाने सोडून द्याव्या लागल्या. खाली तेल आहे अशी खात्री, पण मधला खडक फुटत नाही. घातलेला पैसा मातीत, तोही अगदी शब्दशः.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते.

१९०८ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात, एका बारमध्ये, ह्यूजना ग्रॅनव्हिल ह्यूमसन नावाचा एक तरुण कारागीर भेटला. ह्यूमसनने उतारवयात सांगितलेल्या आठवणींप्रमाणे, सकाळी कॉफी दळताना त्याला कल्पना सुचली होती, की कॉफीच्या बिया चिरडणाऱ्या दातेरी शंकूसारखे शंकू बिटला लावले तर? त्याने दोऱ्याच्या लाकडी रिळांपासून त्याचं मॉडेलही केलं होतं, असं सांगतात. ते तो लोकांना दाखवत फिरत होता आणि लोक हसत होते. ह्यूज हसले नाहीत. त्यांनी ती कल्पना १५० डॉलरला विकत घेतली. पुढे यातून किती कोटी उभे राहिले ते तुम्हाला माहीतच आहे. ह्यूमसनच्या वाट्याला आले ते दीडशे डॉलर.

तर मग शोध कुणाचा? आमच्या रूममध्ये यावर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एक पार्टी म्हणते ह्यूजनी सरळसरळ ढापलं. दुसरी म्हणते पैसे मोजले, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही. कारण फिरत्या चाकांनी दगड फोडायची कल्पना ह्यूमसनचीही पहिली नव्हती. १८६६ मध्येच न्यूयॉर्कच्या पीटर स्वीनी याने रोलर लावलेल्या दगडफोड्या ड्रिलचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे कल्पना चाळीस वर्षं कागदावर पडून होती! नव्हतं ते काय, तर खरोखरच्या विहिरीत, खरोखरच्या खडकावर टिकणारं लोखंड. आता विचार करा, विहिरीच्या तळाशी काय परिस्थिती असते? चिखल, वाळू, वरून कित्येक टन पाइपचं वजन आणि दर सेकंदाला बसणारे धक्के. त्यात एक शंकू त्याच्या आसावर मोकळा फिरता ठेवायचा. बेअरिंगमध्ये वाळू गेली की संपलं. शंकू अडकला की तो फिरणार नाही, घासत राहील आणि आपण पुन्हा फिशटेलवर आलो. दात फार उंच केले तर तुटतात, फार बुटके केले तर दगडात रुततच नाहीत. दोन्ही शंकू एवढ्याशा भोकात बसवायचे, तर बेअरिंगला जागा उरत नाही. दोऱ्याच्या रिळाला यातलं काहीच सोसावं लागत नाही. तरीही माझं मत विचाराल तर ह्यूमसनचं नाव पेटंटवर नाही तर निदान इतिहासात तरी ठळक असायला हवं होतं.

कल्पना हातात आल्यावर ह्यूज किओककला आईवडिलांच्या घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर दोन आठवडे ड्रॉइंग करत बसले, अशी कथा आहे. तेव्हा ना कॅड, ना अनडू बटण. शंकूचा कोन जरा बदलला की सगळे व्ह्यू पुन्हा काढायचे. फर्स्ट इयरला ज्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट रात्र रात्र जागून पूर्ण केल्या त्यांना यातलं दुःख कळेल. वकिली सोडलेल्या, इंजिनिअरिंगची कुठलीही डिग्री नसलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या माणसाने हे ड्रॉइंग पूर्ण केलं. २० नोव्हेंबर १९०८ रोजी पेटंटचा अर्ज गेला आणि १० ऑगस्ट १९०९ रोजी ९३०७५८ आणि ९३०७५९ या नंबरांची दोन पेटंट मंजूर झाली.

डिझाइन असं होतं: बिटच्या तळाला दोन शंकू, दोघांवर छिन्नीसारख्या पोलादी दातांच्या रांगा. पाइप फिरला की शंकू तळावर लोळायचे आणि वरच्या वजनाने एकेक दात दगडात रुतून त्याचा कपचा उडवायचा. खरवडणं बंद, चिरडणं सुरू. खवणी गेली आणि खलबत्ता आला म्हणा ना!

पेटंट हातात येण्याआधीच, १ जून १९०९ रोजी, चाचणी झाली. जागा मुद्दाम निवडली होती: गूस क्रीक, जिथे आधी हार मानावी लागली होती. बिट गोणपाटात गुंडाळून आणला आणि तो पाइपला लावून भोकात उतरेपर्यंत कामगारांना दूर पाठवून दिलं, म्हणजे कुणाच्या नजरेस काही पडू नये. मग मशीन सुरू झालं. अकरा तासांत चौदा फूट कठीण खडक पार! आज आपल्याला चौदा फूट म्हणजे काहीच वाटत नाही, पण ज्या खडकाने पूर्वी त्यांना परत पाठवलं होतं त्याच खडकातले हे चौदा फूट होते. कामगारांनी या बिटचं नाव ठेवलं रॉक ईटर, म्हणजे दगडखाऊ.

त्याच वर्षी शार्प-ह्यूज टूल कंपनी उभी राहिली. सुरुवातीला ह्यूस्टनमधल्या दुसऱ्याच्या कारखान्यात २० बाय ४० फुटांचा कोपरा भाड्याने घेतला होता. आपल्या स्मिदी शॉपपेक्षाही लहान. आणि इथे ह्यूजमधला वकील जागा झाला. त्यांनी बिट विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे असं ठरवलं. वापरून झालेला बिट कंपनीकडे परत. दात झिजले तर कंपनीच दुरुस्त करणार. वरून हा पैसे कमावायचा फंडा वाटतो आणि तो होताच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक झिजलेला बिट परत आला की कुठल्या खडकात कुठला दात आधी जातो हे कंपनीच्या टेबलावर आपोआप कळत असणार. आज ज्याला फील्ड डेटा म्हणतात तो हाच की! १९१४ पर्यंत हा बिट अमेरिकेच्या ११ राज्यांत आणि १३ परदेशांत पोचला होता. वाईट बाजू अशी की पेटंटच्या जोरावर ह्यूजनी स्पर्धकांना कोर्टात खेचलं आणि बाजार आपल्या मुठीत ठेवला. तेव्हाच्या तेल काढणाऱ्यांना तक्रार करायला दुसरं दुकानच नव्हतं.

१९१२ मध्ये शार्प वारला. ज्याच्या हातांना जमीन कळत होती तो भागीदार गेला. त्याचा वाटा फिरत फिरत शेवटी ह्यूजकडे आला आणि १९१५ मध्ये कंपनीच्या नावातून शार्प हा शब्दही गेला. उरली ह्यूज टूल कंपनी. पहिल्या महायुद्धात ह्यूजनी खंदकांखालून शत्रूकडे आडवं भोक पाडणारं यंत्र तयार केलं, पण प्रत्यक्ष लढाईत ते वापरलं गेलं नाही. पैसा आता उदंड होता आणि तो खर्च करण्यातही थोरले ह्यूज मागे नव्हते. मुलाने हा गुण कुठून घेतला ते इथे कळतं.

१९२२ मध्ये पत्नी अ‍ॅलीन एका शस्त्रक्रियेच्या वेळी गेल्या. पावणेदोन वर्षांनी, १४ जानेवारी १९२४ रोजी, ह्यूस्टनमध्ये कंपनीच्या बैठकीत बोलता बोलता थोरले ह्यूज हार्ट अटॅकने कोसळले. वय चौपन्न. धाकटा हॉवर्ड तेव्हा अठरा वर्षांचा, ह्यूस्टनच्याच राइस इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होता. आपल्या सेकंड इयरच्या मुलाएवढा. त्याने कॉलेज सोडलं, नातेवाइकांचे वाटे विकत घेतले, कोर्टाकडून एकोणिसाव्या वर्षीच स्वतःला सज्ञान ठरवून घेतलं आणि कंपनीचा मालक झाला. पुढची गोष्ट सिनेमात आहे. तिथे बिट मात्र जेमतेम दिसतो.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे पेटंट सतरा वर्षांचं, म्हणजे १९०९ चं पेटंट १९२६ मध्ये संपलं. पण कारखान्यातले इंजिनिअर थांबले नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी दोनच्या जागी तीन शंकूंचा ट्रायकोन बिट काढला. शंकू एकमेकांच्या दातांच्या फटीत फिरतात, त्यामुळे भोक सरळ जातं आणि बिट कमी हादरतो. पुढची कित्येक दशकं जगभरच्या तेलविहिरी ट्रायकोनने खोदल्या गेल्या. आपल्याकडे १९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, सागरसम्राटला तेल लागलं. त्या रिगची पद्धतही हीच रोटरी. (आपल्या गावाकडे बोअर मारायला येणारा ट्रक मात्र वेगळा बरं का. तिथे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी बडवत असतो. सह्याद्रीचा काळा दगड त्यालाच ऐकतो.)

ह्यूज टूल कंपनी १९८७ मध्ये बेकर इंटरनॅशनलमध्ये मिसळली आणि बेकर ह्यूज झाली. आणि आता मी ज्या गोष्टीमुळे या माणसाच्या मागे लागलो ती सांगतो. सेमिनारसाठी विषय शोधताना मला या कंपनीच्या नावावरचं १९९५ चं एक अमेरिकन पेटंट मिळालं. त्यात ड्रिल बिट आणि त्याचे भाग कॉम्प्युटरमधल्या मॉडेलवरून एकावर एक थर देत कसे घडवायचे हे मांडलं आहे. थ्रीडी प्रिंटिंग हा शब्द कॉलेजांमध्ये रुळण्याच्या कितीतरी आधी!

गरज काय होती ते आधी बघू. १९७० च्या दशकात कृत्रिम हिऱ्याचे कटर आले आणि पुन्हा खरवडणाऱ्या बिटचे दिवस आले, कारण हिऱ्याची खवणी पाट्यालाही भीत नाही. पण हिरा धरून ठेवणारं शरीरही तेवढंच चिवट हवं. त्यासाठी टंगस्टन कार्बाइड वापरतात. ते वितळायला २७०० अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणजे लोखंडासारखं वितळवून ओतायचा प्रश्नच नाही. म्हणून ग्राफाइटचा साचा कोरायचा, पाण्याच्या वाटांसाठी आत मातीचे तुकडे हाताने बसवायचे, कार्बाइडची पूड भरायची आणि भट्टीत तांब्याचा मिश्रधातू त्यात मुरवायचा. साचा एकदाच वापरता येतो. डिझाइनमध्ये कटर दोन मिलिमीटर सरकवला तर? नवा साचा. ह्यूजनी किओककच्या टेबलावर जे भोगलं तेच, फक्त ग्राफाइटमध्ये.

थर देण्याची युक्ती तशी टेक्सासचीच. ह्यूस्टनपासून सुमारे २६० किलोमीटरवर ऑस्टिनच्या विद्यापीठात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकात लेसरने पूड चिकटवत वस्तू घडवायची पद्धत विकसित केली. तिचं पेटंट १९८९ मध्ये मंजूर झालं. कॉम्प्युटर मॉडेलचे आडवे पातळ काप करतो. टेबलावर पुडीचा एक पातळ थर पसरतो. पहिल्या कापाचा जो आकार असेल तेवढ्याच भागावर लेसर फिरतो आणि तेवढीच पूड एकमेकांना धरते. टेबल जरा खाली, दुसरा थर, पुन्हा लेसर. गोव्याचा बेबिंका कुणी खाल्ला असेल तर हीच पद्धत: एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. फक्त इथे प्रत्येक थराचा आकार वेगळा असतो.

१९९५ च्या पेटंटमध्ये याच पद्धतीने कार्बाइडसारख्या पुडीचा बिट उभा करायचा आहे. लेसरने त्या पुडीतलं चिकटवणारं द्रव्य तेवढं वितळतं आणि कण एकमेकांना धरतात. सगळे थर झाले की उरलेली पूड झटकायची. हातात येतो तो पूर्ण आकाराचा, पण स्पंजासारखा सच्छिद्र बिट. मग भट्टीत वितळलेला तांब्याचा मिश्रधातू त्याला लावला की वातीत तेल चढावं तसा तो छिद्राछिद्रात स्वतःच चढतो. साचा लागत नाही. पाण्याच्या आतल्या वाटा वळणावळणाच्या ठेवल्या तरी चालतात, कारण तिथे ड्रिल घालायचं नसतं, फक्त पूड चिकटवायची नसते. वाट आपोआप राहते. कटर दोन मिलिमीटर सरकवायचा असेल तर माउस सरकवा.

ह्यूमसनची कल्पना आजच्या काळात असती तर? त्याने रिळं कोरली नसती, रात्रीत प्लॅस्टिकचा शंकू प्रिंट करून सकाळी बारमध्ये नेला असता. दीडशे डॉलरच्या पुढे भाव गेला असता का, हे मात्र मला सांगता येत नाही. कारण विहीर, पाइप आणि गूस क्रीकचा खडक तेव्हाही शार्प आणि ह्यूजकडेच होता. शिवाय फिरत्या शंकूच्या बाबतीत थरांची भीती वेगळी आहे. दोन थरांमध्ये एखादं बारीक छिद्र राहिलं, तर लाखो धक्क्यांनंतर भेग तिथूनच सुरू होते. एसओएममध्ये फटीग शिकलोय ना, तोच. म्हणून असे शंकू आजही प्रामुख्याने घडवलेल्या पोलादातूनच कापले जातात.

१० ऑगस्ट २००९ रोजी, पेटंटला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी, अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, ह्यूजच्या दोन शंकूंच्या बिटला ऐतिहासिक इंजिनिअरिंग वारसा म्हणून मान दिला.

आणि थरांनी घडवलेल्या बिटचं काय? त्यातही शेवटचं काम मशीन करत नाही. हिऱ्याचे कटर सुमारे ७०० अंशांच्या वर खराब व्हायला लागतात आणि तांबं मुरवायच्या भट्टीत तर हजाराच्या वर तापमान असतं. म्हणून कटर आधी बसवताच येत नाहीत. भट्टीतून बिट बाहेर येतो, गार होतो, मग पुन्हा हळूहळू तापवतात आणि एक माणूस टॉर्च घेऊन त्याच्यासमोर बसतो. एकेका खाचेत चांदीच्या मिश्रधातूने एकेक कटर ब्रेझ करतो आणि तो नीट बसावा म्हणून हातानेच जरासा फिरवून बघतो.